दोन हात खोल पिकणारी भाजी

जपानमधल्या भाजीच्या दुकानात मुळा, गाजर आणि रताळ्यांच्या शेजारी मातीने माखलेली तपकिरी मुळं जुडी बांधून उभी ठेवलेली असतात. लांबी मीटरभराच्या आसपास, जाडी अंगठ्याएवढी, वर पानांचं नावनिशाण नाही. हा गोबो. इंग्रजीत त्याला बर्डॉक म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात आर्क्टियम लाप्पा. युरोप आणि आशियाच्या थंड पट्ट्यात ही वनस्पती रस्त्याच्या कडेला, पडीक जागी आपोआप उगवते. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांतही ती रानात सापडते. चिनी वैद्यकात तिचं बी औषध म्हणून वापरतात, कोरियात शिजवलेलं मूळ भाताच्या गुंडाळीत घालतात. पण रोजच्या जेवणातली भाजी म्हणून तिच्यावर शेकडो वर्षं खपून, वाण निवडून, परसात आणि शेतात तिला सरळ वाढायला लावण्याचं काम जपानी शेतकऱ्यांनी केलं. त्या कामाबद्दल मला फार आदर वाटतो, कारण या पिकातली जवळजवळ सगळी मेहनत डोळ्यांना दिसत नाही. ती जमिनीच्या वरच्या दोन हातांच्या थरात होते.

मराठी शेतकऱ्याला या झाडाचं कूळ अनोळखी नाही. गोबो सूर्यफूल-झेंडूच्या मोठ्या कुळातला, आणि त्या कुळाच्या ज्या शाखेत तो बसतो त्याच शाखेत आपली करडई आहे. करडई सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात पावसाशिवाय तग धरते ती खोल गेलेल्या सोटमुळाच्या जोरावर. गोबोही तोच मार्ग धरतो, मात्र खाली नेलेल्या मुळात तो साठाही करून ठेवतो. दुसऱ्या वर्षी त्याला जांभळी काटेरी फुलं येतात आणि त्यांची बोंडं होतात. बोंडावरच्या प्रत्येक काट्याचं टोक आत वळलेलं असतं, म्हणून ते जनावरांच्या केसांत आणि माणसांच्या कपड्यांत अडकतं. १९४१ साली स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज द मेस्ट्राल या अभियंत्याने शिकारीहून परतल्यावर कुत्र्याच्या अंगावरची ही बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि पुढे त्यातून वेल्क्रो निघालं.

परसात गोबो लावणाऱ्याने मात्र ही बोंडं येईपर्यंत थांबायचं नसतं. झाड द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी फक्त पानांचा झुबका. पानं हृदयाच्या आकाराची, वीतभर किंवा त्याहून रुंद, खालच्या बाजूला पांढुरकी लव असलेली. उन्हाळाभर ही पानं जे अन्न तयार करतात ते खाली मुळात साठत जातं, पण पिठूळ स्टार्चच्या रूपात नाही, तर इन्युलिन या वेगळ्या कर्बोदकाच्या रूपात. हिवाळ्यात पानं मरतात, मूळ जमिनीत जिवंत राहतं. दुसऱ्या वर्षी तोच साठा खर्चून झाड माणसाच्या उंचीचा फुलोऱ्याचा दांडा वर काढतं, बी धरतं आणि मरतं. तोवर मूळ पोकळ आणि लाकडासारखं चिवट झालेलं असतं. म्हणून काढणी पहिल्या वर्षीच, पानं वाळल्यापासून वसंतात नवी फूट यायच्या आत. या काळात मूळ जमिनीतच ठेवून लागेल तसं काढता येतं. तीन-चार महिने जमीनच कोठार होते, ही परसबागेसाठी मोठी सोय.

आता जमिनीकडे येऊ. तोक्योच्या उत्तर भागात, आजच्या किता वॉर्डात, ताकिनोगावा नावाचं गाव होतं. एदो काळात, गेनरोकू या कालखंडात (१६८८ ते १७०४), तिथल्या सुझुकी गेन्गो या माणसाने लांब मुळाचा गोबो निवडून सुधारला असं सांगतात. आज जपानात पिकणारा बहुतेक लांब गोबो याच ताकिनोगावा वाणाचा किंवा त्यापासून काढलेला आहे. जवळून नाकासेन्दो हा एदोहून, म्हणजे तेव्हाच्या तोक्योहून, क्योतोकडे जाणारा मोठा रस्ता जात होता. त्या रस्त्यावर बियाण्यांची दुकानं ओळीने थाटली गेली, आणि प्रवासी परतताना गावाकडे न्यायला हलकी, टिकाऊ भेट म्हणून बी विकत घेत. वाण देशभर पसरला तो असा, प्रवाशांच्या पडशीतून.

हा वाण तिथेच का घडला याचं उत्तर मातीत आहे. तोक्योभोवतीचं कांतो मैदान फुजी, हाकोने, आसामा अशा ज्वालामुखींच्या राखेने झाकलेलं आहे. राखेची माती खोल, हलकी आणि भुसभुशीत असते, पाणी धरून ठेवते आणि जास्तीचं खाली सोडूनही देते, आणि खाली कितीतरी खणलं तरी दगड लागत नाही. आपली दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्याच खडकाची, पण ती बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि खाली लवकरच मुरूम लागतो. कांतोच्या मातीत मूळ मीटरभर सरळ उतरू शकतं, म्हणून सरळ उतरणारा वाण निवडता आला. त्या मातीचे दोन दोषही आहेत. ती आम्ल असते, आणि तिच्यातली ॲलोफेन नावाची खनिजं स्फुरद धरून ठेवतात, पिकाला मिळू देत नाहीत. गोबोला आम्ल जमीन अजिबात मानवत नाही, त्याला सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान लागतो. म्हणून जपानी परसबागेत गोबोची तयारी चुन्यापासून सुरू होते. पेरणीच्या दोनेक आठवडे आधी चौरस मीटरला साधारण दीडशे ग्रॅम डोलोमाइट चुना मातीत मिसळायचा, वर स्फुरदयुक्त खताचा हात थोडा सढळ ठेवायचा.

मग खणाई. वाफशावर जमीन आली की ज्या ओळीत पेरायचं तिथे फावड्याने सत्तर-ऐंशी सेंटिमीटर खोल चर घ्यायचा, दगड, जुनी मुळं आणि ढेकळं बाहेर काढायची, आणि तीच माती मोकळी करून परत भरायची. इथे शेणखताचा मोह आवरावा लागतो. आपण कुठल्याही पिकाला चराच्या तळाशी खत घालतो, गोबोला ते चालत नाही. त्याच्या मुळाचं वाढीचं टोक खाली जाताना कच्च्या खताच्या गोळ्याला, ढेकळाला किंवा खड्याला लागलं की जळतं वा मरतं. टोक जिवंत असेपर्यंत बाजूच्या मुळांना ते जाड होऊ देत नाही. ते गेलं की हा धाक संपतो, दोन-तीन बाजूची मुळं एकदम पुढे सरसावतात आणि एका सरळ मुळाऐवजी फाटे फुटलेलं, वेडंवाकडं मूळ हाती येतं. खायला ते वाईट नसतं, पण काढताना तुटतं आणि साफ करताना जीव काढतं. म्हणून खत आधीच्या पिकाला घालावं आणि गोबोने त्याच्या बेवडावर जगावं. याच कारणाने गोबोची रोपं तयार करून लावत नाहीत. उपटताना टोक दुखावणारच, तेव्हा बी थेट जागेवर पेरायचं.

बी करड्या-तपकिरी रंगाचं, लांबट, पाच-सात मिलिमीटरचं. त्याच्या टरफलात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गोबोच्या बियाला उगवायला उजेड लागतो. खोल पुरलं की ते तसंच पडून राहतं. वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवायची आणि हाताने किंवा फळीने चेपायची, म्हणजे बी मातीला चिकटून ओल घेतं आणि उजेडही पोचतो. इतक्या वरवरच्या पेरणीत दोन दिवसांच्या उन्हाने बी सुकू शकतं. उगवेपर्यंतचा आठवडा ते पंधरवडा हा या पिकाचा सगळ्यात नाजूक काळ, आणि झारीने हलकं पाणी चुकवायचं नाही. ओळीत दहा-बारा सेंटिमीटरवर एकेका जागी तीन-चार बिया, दोन ओळींत साठ सेंटिमीटर अंतर. तोक्योच्या हवेत पेरणी मार्चअखेर ते मेपर्यंत चालते. सप्टेंबरातही पेरतात, पण त्यात एक धोका आहे. हिवाळ्याच्या आत मूळ जास्त जाड झालं तर झाड थंडीची नोंद घेतं आणि दिवस मोठे होताच फुलोऱ्यावर जातं. त्यासाठी वेगळे, उशिरा फुलणारे वाण निवडावे लागतात.

विरळणी हे मला या शेतीतलं सर्वांत सुंदर काम वाटतं. एका जागी तीन रोपं आहेत, दोन-तीन खरी पानं आली आहेत, एकच ठेवायचं आहे. कुठलं ठेवायचं? आपला हात सहज सगळ्यात दांडग्या, रुंद पसरलेल्या रोपाकडे जातो. जपानी माळी नेमकं तेच काढतो. ज्याची पानं आडवी पसरली आहेत त्याचं मूळ बहुधा फाटलेलं असतं. ज्याचे देठ सरळ वर उभे आहेत, पानं आटोपशीर आहेत, त्याचं मूळही सरळ खाली गेलेलं असण्याची शक्यता जास्त. न दिसणाऱ्या मुळाचा अंदाज पानांच्या उभारीवरून घ्यायचा. नको असलेलं रोप सरळ वर उपटावं किंवा कात्रीने बुडाशी कापावं, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही.

यानंतर महिनाभर रोपं रेंगाळतात, तण त्यांच्या पुढे जातं, म्हणून खुरपणी वेळेवर हवी. पुढे पानं एकमेकांना भिडली की सावलीत तण उगवतच नाही. काळा मावा कोवळ्या पानांच्या मागे बसतो, तो बोटाने चिरडला किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुतला तरी पुरतो. गोबोचा खरा शत्रू साचलेलं पाणी आहे. जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत वाफ्यात दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तर मुळं खालच्या टोकापासून सडायला लागतात, आणि पानं कोमेजून बातमी देईपर्यंत उशीर झालेला असतो. जमिनीखालचं पाणी वर असेल तिथे गादीवाफा उंच करावा लागतो.

सगळ्यांच्याच परसात खणायला दोन हात खोल माती नसते. म्हणून जपानी घरगुती माळ्यांनी जमीन वर आणली. खताच्या वीस किलोच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळ कापतात, ती मोकळ्या केलेल्या जमिनीवर नळकांड्यासारखी उभी करतात, चाळलेली माती भरतात आणि तोंडाशी पाच-सहा बिया पेरतात. मूळ पिशवीतून खाली उतरून जमिनीत शिरतं. काढणीच्या दिवशी पिशवी कात्रीने उभी चिरली की माती ढासळते आणि मुळं हातात येतात. दुसरा उपाय म्हणजे नागमोडी पत्रे जमिनीत तिरपे पुरून त्यावर माती टाकायची. मूळ पत्र्याच्या घसरणीने तिरकं वाढतं, लांबी तेवढीच पण खोली निम्मी. लांब कोनफळाच्या जातींसाठीही हीच युक्ती चालते. शिवाय हल्ली तीस-चाळीस सेंटिमीटरवर थांबणारे आखूड, कोवळे वाण मिळतात. ते शंभर दिवसांच्या आसपास काढता येतात. पहिल्यांदा लावणाऱ्याने मी तरी हेच आखूड वाण पिशवीत लावायला सांगेन.

क्योतोच्या होरिकावा गोबोची रीत तर या सगळ्याच्या उलट. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ साली क्योतोत जुराकुदाई नावाचा वाडा बांधला, आणि १५९५ साली तो पाडलाही गेला. रिकामे खंदक कचऱ्याने भरले, त्यात टाकलेल्या गोबोच्या मुळांना फूट आली आणि ती जाडजूड झाली, असं सांगतात. तेव्हापासून तिथले शेतकरी मागल्या वर्षीचं मूळ उपटून, टोक छाटून, जूनच्या सुमाराला जमिनीत जवळजवळ आडवं पुरतात. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ते लांबीत अर्ध्या मीटरच्या आसपासच राहतं, पण मनगटासारखं जाड आणि मधे पोकळ होतं. त्या पोकळीत खिमा किंवा मासळीचं सारण भरून शिजवतात. टोक तुटल्याने मूळ बिघडतं हा नियम इथे जाणूनबुजून मोडला आहे आणि त्यातून वेगळं पीक उभं केलं आहे. चिबा प्रांतातला ओउरा गोबो यालाही मागे टाकतो. त्याचा घेर तीस सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि तो प्रामुख्याने नारिताच्या शिन्शोजी मंदिरात भाविकांच्या शाकाहारी जेवणासाठी जातो.

साधा लांब गोबो काढणं हे मात्र अंगमेहनतीचं काम आहे. आधी पानं छाटून दहा सेंटिमीटरचे देठ ठेवायचे. मग ओळीला लागून, एकाच बाजूने, मुळाइतका खोल चर खणायचा. थेट मुळाशी फावडं घातलं तर मूळ कापलं जातं, आणि ताकदीने वर ओढलं तर अर्ध्यावर कट्‌कन तुटतं, खालचा अर्धा भाग जमिनीतच राहतो. चर झाला की मुळाभोवतीची माती पहारीने चराच्या बाजूला पाडायची, आणि मूळ बुडाशी धरून चराच्या दिशेने कलवायचं. शेवटच्या वीतभर भागाशी हात नेऊन बोटांनी माती मोकळी करायची. मूळ सुटतं तेव्हा आधी ओल्या मातीचा वास येतो, मग त्याचा स्वतःचा, जरा उग्र आणि लाकडी. मोडलेल्या जागी ते पांढरंशुभ्र असतं आणि बघता बघता तपकिरी पडतं. आओमोरी हा सगळ्यात जास्त गोबो पिकवणारा प्रांत. तिथे हा चर यंत्र खणतं. परसात माणूसच खणतो.

काढणीबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. जपानात धोत्र्याचं मूळ गोबो समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि तिथलं आरोग्य मंत्रालय त्याबद्दल लोकांना सावध करत असतं. शोभेसाठी घराभोवती धोत्रा लावतात, शेजारी गोबोची ओळ असते, हिवाळ्यात दोन्हींची पानं गेलेली असतात, आणि खणताना हाताला दोन्हींची मुळं सारखीच लागतात. धोत्र्यातल्या ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीनमुळे तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमात बडबडतो. शिजवूनही विष जात नाही. अमेरिकेतून पसरलेली पोकवीड नावाची विषारी वनस्पतीही अशीच गोबोच्या नावाखाली घरात शिरते. उपाय साधा आहे. भाजीच्या वाफ्याजवळ धोत्र्याला जागा द्यायची नाही, ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या, आणि खुंट्यांच्या बाहेर सापडलेलं कुठलंही मूळ स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

स्वयंपाकघरात गोबोची साल सोलत नाहीत. सुगंध सालीलगत असतो, म्हणून पाण्याखाली धुऊन सुरीच्या मागच्या बाजूने नुसतं खरवडतात. चिरण्याची खास तऱ्हा म्हणजे मूळ फिरवत फिरवत, पेन्सिलीला टोक करावं तसे पातळ काप काढायचे. कापलेला गोबो काळा पडतो तो त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाची हवेशी गाठ पडल्याने. थोडा वेळ पाण्यात ठेवला की पुरे. जास्त ठेवला तर चवही पाण्यात जाते. तिळाच्या तेलात गोबो आणि गाजराच्या काड्या परतून सोया सॉस, साखर आणि लाल मिरची घातली की किनपिरा होतो. हे नाव एदो काळातल्या बाहुली-नाटकांतल्या साकाता नो किनपिरा या बलदंड वीरावरून पडलं. नववर्षाच्या ताटात ठेचलेला गोबो तिळाबरोबर असतो, घराचं मूळ जमिनीत घट्ट रुजावं अशी त्यामागची भावना. शंभर ग्रॅम कच्च्या गोबोत सुमारे ५.७ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. इन्युलिन आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य आहे, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडाच खावा. पोटात गुबारा धरतो.

न धुतलेला, मातीसकट गोबो ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून थंड जागी ठेवला तर कित्येक आठवडे राहतो. मात्र ज्या ओळीतून तो काढला तिथे लगेच पुन्हा गोबो पेरता येत नाही. त्याचा बेवड त्यालाच बाधतो. मातीत सूत्रकृमी आणि मूळकूज वाढते, आणि पुढची मुळं डागाळलेली, फाटलेली निघतात. चार-पाच वर्षांचा फेरपालट सांगितला जातो. शहरातल्या जपानी माणसाची यात मोठी अडचण होते. तो बहुधा नगरपालिकेच्या नागरिक-शेतीतला काही चौरस मीटरचा तुकडा भाड्याने घेतो, आणि १९८९च्या कायद्याप्रमाणे अशा जमिनीचा करार पाच वर्षांच्या पुढे जात नाही. म्हणजे एकाच ओळीत दुसऱ्यांदा गोबो लावायची वेळ येते तेव्हा तुकडा दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. म्हणून नवा तुकडा मिळाला की शेजारच्या वाफ्यावर काम करणाऱ्या जुन्या माणसाला आधी विचारून घ्यावं, मागच्याने इथे गोबो कुठे लावला होता. ती ओळ सोडून खणायला सुरुवात करावी, आणि सोडलेल्या ओळीत पालेभाज्या किंवा मका घ्यावा. दोन हात खोल मोकळी झालेली ती माती त्यांना चांगली मानवते.